मदत हवी आहे: सर्वेचा आडवा डेटा उभा करायचाय, एक ओळ नक्की कशाची धरू?

नमस्कार मंडळी, थीसिससाठी सर्वे घेतलाय, उत्तरं हातात आहेत पण विश्लेषणाच्या आधीच अडकलेय. एकूण 20 सूचनाचिन्हं आहेत (लिफ्ट, पिण्याचं पाणी, बाहेर जायचा रस्ता अशी), 10 चित्राखाली शब्द असलेली आणि 10 नुसत्या चित्राची. 46 जणांना फॉर्मने प्रत्येकी 10 चिन्हं दाखवली, प्रत्येकाला वेगळी आणि वेगळ्या क्रमाने, आणि दर चिन्हाला त्यांनी 1 ते 7 मध्ये दोन रेटिंग दिली, समजायला किती सोपं आणि किती गोंधळ उडाला.

फाइलमध्ये एका माणसाची एक ओळ आहे. चिन्ह_1, सोपं_1, गोंधळ_1, मग चिन्ह_2... असे 30 कॉलम. आता गोची अशी की सोपं_3 म्हणजे तिसरं चिन्ह नाही, त्या माणसाला तिसऱ्यांदा जे दिसलं ते, म्हणजे एकाच्या ओळीत तिथे लिफ्ट तर दुसऱ्याच्या ओळीत पाणी, त्यामुळे त्या कॉलमची सरासरी काढून काहीच कळत नाही.

आधी एक्सेलमध्ये हाताने कॉपी-पेस्ट करत बसले. शेवटी तपासलं तर 17 नंबरच्या व्यक्तीच्या नावावर लिफ्ट दोनदा आणि पाणी गायब! ते सगळं टाकून दिलं, लोकांनी वेळ काढून उत्तरं दिलीयत, ती माझ्या हातून इकडची तिकडे व्हायला नकोत. मग आर (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) मध्ये पिव्होट_लॉन्गर (आडवे कॉलम उभ्या ओळींत बदलणारं फंक्शन) वापरलं तर एरर, कारण चिन्ह हा मजकूर आणि रेटिंग आकडे, दोन्ही एकाच कॉलममध्ये बसवता येत नाहीत.

दुसरं म्हणजे 'सांगता येत नाही' ला फॉर्मने 99 टाकलंय. गोंधळाचा प्रश्न उलटा (जास्त आकडा म्हणजे वाईट) असल्याने 8 मधून रेटिंग वजा केलं तर एका ठिकाणी चक्क उणे 91 आलं, तेव्हा लक्षात आलं की आधी 99 रिकामे करायचे आणि मगच उलटवायचं.

संपादन: चिन्ह आणि त्याची रेटिंग यांची जोडी लावायचं कोडं सुटलं. पिव्होट_लॉन्गरच्या नेम्स_टू मध्ये "डॉट व्हॅल्यू" आणि "क्रम" अशी दोन नावं दिली (डॉट म्हणजे खरा टिंब, शब्द नाही) आणि नेम्स_सेप ला अंडरस्कोर दिला, की अंडरस्कोरच्या आधीचा भाग कॉलमचं नाव होतो आणि नंतरचा आकडा क्रम या कॉलममध्ये जातो. आता 46 गुणिले 10, बरोबर 460 ओळी, प्रत्येक ओळीत व्यक्ती, क्रम, चिन्ह, सोपं, गोंधळ. व्यक्ती आणि चिन्ह मिळून काउंट केलं, कुठलीच जोडी दोनदा नाही. ज्यांचं असंच अडलंय त्यांनी हे मोजून बघाच, खूप धीर येतो.

आता खरा प्रश्न. या 460 ओळींवर सरळ टी-टेस्ट (शब्द असलेल्या आणि नसलेल्या चिन्हांच्या सरासरीतला फरक तपासणारी चाचणी) लावली तर पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही एवढा फरक दिसण्याची शक्यता) अगदी बारीक येते, पण ती 460 वेगवेगळी माणसं समजून काढलेली आहे, माणसं तर 46 च आहेत आणि एखादा सगळ्यालाच 6-7 देणारा असतो. म्हणून आर च्या ऑर्डिनल पॅकेजमधलं सीएलएमएम (क्रमवार रेटिंगसाठीचं, एकाच माणसाची अनेक उत्तरं लक्षात घेणारं मॉडेल) लावतेय, सोपं हे क्रमवार फॅक्टर करून, शब्द आहे की नाही आणि क्रम हे फिक्स्ड (ज्यांचा परिणाम मोजायचाय ते), व्यक्ती आणि चिन्ह दोन्ही रँडम (ज्यांच्यातला आपसातला फरक फक्त हिशेबात धरायचाय ते).

शब्दांचा फायदा प्रत्येकाला सारखाच होईल असं मला वाटत नाही, तर व्यक्तीनुसार शब्दाचा रँडम स्लोपही घालायचा का, की एवढ्या डेटात मॉडेल कन्व्हर्जच होणार नाही (एका उत्तरावर स्थिरावणारच नाही)? आणि सोपं, गोंधळ यांची दोन वेगळी मॉडेल करू, की अजून उभं करून 920 ओळींचं एकच करू? ज्यांनी असा डेटा हाताळलाय त्यांनी प्लीज सांगा, दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल.