जुन्या पंख्याला नवा रेग्युलेटर लावला, आता मोटर घुमते

आजोबांच्या वेळचा छताचा पंखा आहे, वारा अजून झकास. त्याचा खोक्यासारखा जुना रेग्युलेटर फार तापायचा, म्हणून बोर्डात गोल फिरवायचा डिमर बसवला. आता कमी स्पीडवर घुंऽऽ आवाज येतो. पंखा काढायची अजिबात इच्छा नाही. काय करू?

— डिमरमधला ट्रायॅक (इलेक्ट्रॉनिक स्विच) करंटची लाट कापतो, म्हणून मोटर गुणगुणते. कपॅसिटरवाला स्टेप रेग्युलेटर घ्या. मेन स्विच बंद करून फेजच्या वायरमध्येच जोडा, न्यूट्रलमध्ये नको.

— पंख्याचा स्वतःचा कपॅसिटरही बघा, बहुतेक २.५ मायक्रोफॅरडचा असेल. तो स्टार्टिंग वाइंडिंगचा, म्हणजे मोटर सुरू करणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा. फुगला असेल तर बदला, नाहीतर फुल स्पीडलाही पंखा रेंगाळेल.

— फुगलाच आहे! दोन्ही उद्याच आणतो.