‘राष्ट्रभाषा’ की ‘राजभाषा’? साहेबासमोर कोणती बोलायची?

कपाशीचा_पट्टा:

मंडळी, एका शब्दावर चर्चा हवी आहे. आधी प्रसंग सांगतो, कारण त्यातूनच प्रश्न निघाला.

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव. सलग पाऊस झाला, कपाशी गेली, पंचनाम्याला एक तरुण अधिकारी आले. सोबत पटवारी आणि मी. (तलाठी म्हणा, पण आमच्याकडे अजूनही पटवारीच.) शेत माझ्या चुलत काकांचं. साहेब बांधावर आले तसे काका हात जोडून म्हणाले, “साहेब, हमारा कपाशी पूरा गया. बोंड सड गया.” साहेबांनी विचारलं, “कितने एकर में है?” “तीन एकर, साहेब.” “कब से ऐसा है?” “आठ दिन से. सब गया.” पाच-सात मिनिटं हेच. काकांचं सगळं म्हणणं ‘गया’ या एका शब्दात अडकलं होतं.

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. “आई, मी शेतात आहे गं, नंतर करतो.”

काका माझ्याकडे पाहतच राहिले. मग विचारलं, “सायेब, तुमी मराठी हाये?” साहेब सांगलीकडचे निघाले. ओशाळून म्हणाले, “काका, तुम्ही हिंदीत सुरुवात केली, मला वाटलं इथे हिंदीच चालते.”

त्यानंतर काका जे बोलले ते मला अजून ऐकू येतं. “पयल्या पान्यानं पाती झडली. दुसऱ्यानं बोंडं काळी पडली. आता जे फुटलं व्हतं, त्या सरकीले झाडावरच कोंब आले. वेचलं तरी कवडीच निंगन.” साहेबांनी एक बोंड सोलून पाहिलं. सरकीला खरंच पांढरे कोंब होते. पंचनाम्यात ते लिहिलं गेलं. हिंदीत ते लिहिलं गेलं नसतं, कारण काकांकडे ते सांगायला हिंदी नव्हती आणि साहेबांना ते विचारायचं सुचलं नसतं.

घरी येताना काकांना विचारलं, काहून हिंदीत बोलले जी? म्हणाले, “माह्या बापापासून आयकतो, सायबासंग राष्ट्रभाषेत बोला लागते.”

तर प्रश्न असा: ‘राष्ट्रभाषा’ म्हणजे नेमकं काय? ‘राजभाषा’ तीच का? आणि साहेबासमोर राष्ट्रभाषा ‘लागते’ हे आमच्या डोक्यात आलं कुठून?

समासप्रेमी:

थोडक्यात. ‘राजभाषा’ म्हणजे राज्यकारभाराची भाषा. यातल्या ‘राज’चा अर्थ राजा असा घेऊ नये. संविधानाच्या मराठी पाठात अनुच्छेद 343 मध्ये देवनागरी लिपीतली हिंदी ही ‘संघराज्याची राजभाषा’ आहे. अनुच्छेद 345 नुसार प्रत्येक राज्य आपली राजभाषा ठरवतं, आणि त्याप्रमाणे महाराष्ट्राने 1964 च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ठरवली. ‘राष्ट्रभाषा’ असा दर्जा संविधानाने कोणत्याच भाषेला दिलेला नाही. गुजरात उच्च न्यायालयासमोर वस्तूंच्या वेष्टनावर हिंदीत मजकूर छापावा अशी याचिका आली होती. हिंदीला राष्ट्रभाषा ठरवणारी कोणतीही अधिसूचना नाही, हे 2010 मध्ये न्यायालयाने नोंदवलं.

म्हणजे तुमच्या काकांसमोर जे साहेब उभे होते, त्यांची कामाची भाषा कायद्याने मराठीच. परराज्यातून महाराष्ट्रात नेमणूक झालेल्या अधिकाऱ्यालाही मराठीची परीक्षा द्यावी लागते.

हिंदीनगर_वर्धा:

समासप्रेमींचं उत्तर कायद्याने बरोबर आहे, पण तेवढ्याने काकांचा शब्द खोटा ठरत नाही. ‘राष्ट्रभाषा’ हा शब्द काकांना आमच्या वर्ध्याने दिला आहे, आणि तो मानाचा शब्द होता.

1936 साली गांधीजींच्या पुढाकाराने वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती उभी राहिली. संविधान येण्याच्या कितीतरी आधी. प्रवेश, परिचय, कोविद या तिच्या परीक्षा. माझ्या पिढीतल्या विदर्भातल्या शाळांत परिचयाचं प्रमाणपत्र मिळालं की घरी पेढे येत. मी स्वतः कोविद केलं, वडिलांनी ते प्रमाणपत्र काचेत मढवलं. त्या काळी राष्ट्रभाषा याचा अर्थ असा, की तमिळ माणूस आणि पंजाबी माणूस इंग्रजाच्या भाषेशिवाय एकमेकांशी बोलू शकले पाहिजेत. साहेबासमोर वाकण्याची भाषा असा तिचा अर्थ नव्हता. ती साहेबाला घालवण्याची भाषा होती! खुद्द गांधीजींचा आग्रह पुढे हिंदुस्तानीचा झाला, नागरी आणि उर्दू दोन्ही लिप्यांसह, आणि त्यासाठी 1942 मध्ये वर्ध्यातच हिंदुस्तानी प्रचार सभा निघाली. पुढे संविधान सभेत भाषेवरून फार वाद झाला आणि 14 सप्टेंबर 1949 ला जी तडजोड मंजूर झाली तिच्यात ‘राजभाषा’ हाच शब्द उरला. चळवळीतला शब्द कायद्यात आला नाही, पण लोकांच्या तोंडी राहिला.

काकांच्या ‘लागते’चं कारण मात्र वेगळं आहे असं मला वाटतं. 1956 पर्यंत आपण मध्य प्रांतात, नंतरच्या मध्य प्रदेशात होतो. राजधानी नागपूर. राज्यात महाकोशल, छत्तीसगड आणि आपण. कारभारात हिंदी आणि मराठी दोन्ही चालत. जबलपूर, सागर, रायपूरकडचा अधिकारी इकडे येई आणि तो हिंदी बोले. काकांच्या वडिलांनी पाहिलेला साहेब खरोखरच हिंदी होता. 1956 नंतर राज्य बदललं, 1960 ला महाराष्ट्र झाला, साहेब मराठी झाला. बांधावरच्या माणसाला हे कोणी सांगितलंच नाही.

मला हिंदी प्रिय आहे, म्हणूनच हे सलतं. ज्या भाषेवर मी जीव लावला, तिच्या नावाने शेतकऱ्याचं तोंड बंद व्हावं हे बरं नाही.

समासप्रेमी:

गुरुजी, ही बाजू माझ्या लक्षात आली नव्हती. आभार.

शब्दांपुरती भर घालतो. काही देशांत हे दोन शब्द कायद्यातच वेगळे आहेत. स्वित्झर्लंडच्या संविधानात राष्ट्रभाषा चार: जर्मन, फ्रेंच, इटालियन, रोमान्श. संघराज्याच्या राजभाषा त्यातल्या पहिल्या तीन. पण रोमान्श बोलणाऱ्या नागरिकाशी व्यवहार करताना रोमान्शही राजभाषा. नागरिकाची भाषा पाहून राज्याची भाषा बदलते, हे फार मोलाचं आहे. सिंगापूरमध्ये राष्ट्रभाषा मलय. राष्ट्रगीत मलय, सैनिकी कवायतीचे हुकूम मलय. लोकसंख्येत बहुसंख्य चिनी वंशाचे आणि कचेरीचं काम मुख्यतः इंग्रजीत. राजभाषा चार, त्यात तमिळही आहे. आयर्लंडमध्ये आयरिश ही राष्ट्रभाषा आणि म्हणून पहिली राजभाषा, पण बहुतेकांचं रोजचं बोलणं इंग्रजी.

म्हणजे राष्ट्रभाषा अनेकदा झेंड्यासारखी असते आणि राजभाषा सातबाऱ्यासारखी. झेंड्याला सलाम करावा, पण जमीन सातबाऱ्यावर असते.

धानोरा_रोड:

मी गडचिरोलीत शिक्षिका आहे. तुमची चर्चा वाचताना आनंद झाला आणि थोडं दुखलंही.

दादा, तुमच्या काकांचं जे हिंदीपुढे झालं ते आमच्याकडे रोज मराठीपुढे होतं. माझ्या वर्गातली मुलं घरी गोंडी बोलतात. पहिल्या वर्षी एका मुलाला मी तीनदा विचारलं, “काल का आला नाहीस?” तो खाली पाहत राहिला. मी त्याला हट्टी समजले. शेजारच्या मुलीने त्याला गोंडीत विचारलं तर लगेच बोलला. घरी मोहफुलं वेचायला गेला होता. त्याला ‘का’ कळला नव्हता. त्याच्यासाठी साहेब मीच.

2011 च्या जनगणनेत गोंडी सांगणारे 29 लाखांहून अधिक आहेत, तरी संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांत गोंडी नाही. ती राजभाषा नाही, राष्ट्रभाषा तर नाहीच.

आणखी एका शब्दाकडे लक्ष वेधते. आमच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाची गोंडी घोषणा तुम्ही ऐकली असेल: “मावा नाटे मावा राज.” आमच्या गावात आमचं राज. राजभाषेतला ‘राज’ तोच. मग त्या ‘राज’ची भाषा कोणती? तिथे ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. ज्याला बोलताच येत नाही त्याची सहमती कशी धरायची?

समासप्रेमींना विनंती: अर्ज कोणत्या भाषेत करता येतो, त्याबद्दल एक अनुच्छेद आहे ना?

समासप्रेमी:

हो ताई, अनुच्छेद 350. गाऱ्हाण्याचं निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही अधिकाऱ्याकडे देता येतं. शब्द ‘वापरल्या जाणाऱ्या’ असा आहे. ‘राजभाषा’ नाही, ‘आठव्या अनुसूचीतल्या’ही नाही. माझ्या वाचनाप्रमाणे गोंडी त्यात येते. वऱ्हाडीबद्दल तर शंकाच नको.

कपाशीचा_पट्टा:

ताई, तुमचं वाचून गप्प झालो. आमच्या गावाच्या टोकाला कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे वस्ती, आहे. त्यांची बोली कोलामी. ग्रामसभेत ते मागे बसतात, विचारलं तर “हो जी” म्हणतात. आम्ही आजवर समजत होतो की त्यांना काही म्हणायचं नसतं.

काकांना गुरुजींचं उत्तर वाचून दाखवलं. जबलपूरच्या साहेबाची गोष्ट त्यांना लगेच पटली. म्हणाले, “हो, बाप सांगे, एक तिवारी साहेब व्हता.” मग 350 बद्दल सांगितलं. थोडा वेळ विचार करून म्हणाले, “मंग इम्याचा अर्ज आपल्या बोलीत लेव्हू. ‘सरकीले कोंब आले’ असंच लेव्ह.”

रात्री बसून लिहिला. ‘पीक बाधित झाले आहे’ हे वाक्य सवयीने आधी लिहिलं होतं, ते खोडलं.