फोके-वुल्फ १९० ला टॉर्पेडो: हुकलेली संधी की वाया गेलेली मेहनत?

दर्यावर्दी (धागाकर्ता)
दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन लढाऊ विमान फोके-वुल्फ १९० म्हटलं की हवाई झुंजी आठवतात. पण १९४३ च्या सुमारास याच एकआसनी विमानाच्या पोटाखाली एफ५बी टॉर्पेडो (पाण्याखालून जहाजावर धडकणारं स्फोटक) टांगून चाचण्या झाल्या. ए-५/यू१४ हे त्या प्रकाराचं नाव. नमुन्यांपलीकडे गाडं सरकलं नाही. माझं मत: जर्मनांनी हातची संधी घालवली.

पीक्यू-१८ या, ध्रुवीय समुद्रातून रशियाला रसद नेणाऱ्या दोस्तांच्या ताफ्याचं उदाहरण घ्या. १३ सप्टेंबर १९४२ ला केजी २६ ही जर्मन बॉम्बर तुकडी आणि तिच्या जोडीची टॉर्पेडो विमानं लाटांना लागून, एका लांबलचक रांगेत आली आणि त्या हल्ल्यात आठ जहाजं बुडाली. पण पुढच्या हल्ल्यांत ताफ्यासोबतच्या ‘अ‍ॅव्हेंजर’ या छोट्या ब्रिटिश विमानवाहू नौकेवरची सी हरिकेन विमानं आणि जहाजांवरच्या तोफा यांनी जर्मन विमानांचं जबर नुकसान केलं. हाइंकेल १११ सारखं जड बॉम्बर विमान टॉर्पेडो सोडून पळणार तरी कसं? १९० ने टॉर्पेडो टाकला की ते पुन्हा लढाऊ विमान.

चाफा
असहमत. टाकेपर्यंतचं काय?

टॉर्पेडो साधारण पाऊण टनाचा, लांबी पाच मीटरच्या आसपास. विमानच मुळात नऊ मीटरचं. यू१४ चा फोटो मिळाला तर शेपटीचं चाक नीट बघा. १९० जमिनीवर नाक वर करून उभं राहतं, म्हणजे टॉर्पेडोचं मागचं टोक पंखा आणि सुकाणूसकट धावपट्टीला टेकणार. म्हणून त्या चाकाचा पाय चांगलाच लांबवावा लागला. शेपटीचा उभा पंखही मोठा केला, कारण पोटाखाली एवढं धूड आलं की विमान सरळ राखणं अवघड जातं. एका हत्यारासाठी किती ओढाताण!

दुसरं म्हणजे, त्या काळचा टॉर्पेडो फार वेगाने पाण्यावर आपटला तर त्याची यंत्रणा बिघडायची किंवा तो भरकटायचा. पाण्यालगत, सरळ रेषेत, बेताच्या वेगानेच यावं लागे. वेग हे १९० चं कवच, आणि नेमकं तेच तोफांसमोर काढून ठेवायचं?

दर्यावर्दी
चाफा, तो सरळ टप्पा थोड्या वेळाचा असतो. तिथवर येताना आणि तिथून निसटताना वेग कामी येतोच. आणि ही एकट्या जर्मनांची लहर नव्हती. इटलीत १९४४ मध्ये फियाट जी.५५ या लढाऊ विमानाला टॉर्पेडो लावण्यासाठी मधला रेडिएटर (इंजिन थंड ठेवणारा भाग) दुभागला, शेपटीचं चाक लांबवलं. ब्रिटिशांनी त्यांच्या फायरब्रँड विमानाच्या पंखाचा मधला भाग रुंद केला, टॉर्पेडो चाकांच्या मध्ये बसावा म्हणून. तीन देशांचे अभियंते एकाच कल्पनेपाशी येतात, तेव्हा तिच्यात दम असतो.

वाऱ्यावरचा
दम होता तर ती लढली कुठे? फायरब्रँड पहिल्यांदा उडालं फेब्रुवारी १९४२ मध्ये आणि पथकात आलं सप्टेंबर १९४५ मध्ये, युद्ध संपल्यावर.

मूळ प्रश्न पल्ल्याचा आहे. उत्तर नॉर्वेतल्या बार्डुफॉसच्या जर्मन तळापासून ध्रुवीय समुद्रातलं बेअर बेट सरळ रेषेत सहाशे किलोमीटरच्या आसपास, आणि ताफे उन्हाळ्यात त्याच्याही उत्तरेकडून जात. १९० चा स्वतःच्या टाकीवरचा एकूण पल्ला आठशेच्या घरातला. पोटाखालची जादा टाकीची जागा टॉर्पेडोने अडवली. पंखांखाली टाक्या लावल्या तर वजन आणखी वाढलं. त्यात वैमानिक एकटा. ध्रुवीय धुक्यात वाट काढायची, जहाजाचा वेग आणि दिशा ताडायची, नेमही धरायचा. ब्रिटिशांचं टॉर्पेडोवालं ब्यूफायटर यशस्वी झालं, पण त्याला दोन इंजिनं होती आणि मागे नॅव्हिगेटर बसलेला होता.

शिवाय साल १९४३! जुलैत दोस्तांच्या बॉम्बहल्ल्यात हँबर्ग जळलं. प्रत्येक १९० ची गरज जर्मनीच्याच आकाशात होती.

कोल्हापूरकर
धागा छान रंगलाय. एक गोष्ट राहतेय: जर्मनांनी पुढे स्वतःच वाट बदलली. बॉम्ब-टॉर्पेडो नावाचं हत्यार काढलं, ज्याला मोटरच नव्हती. जहाजाच्या अलीकडे टाकायचं आणि पडतानाच्या वेगावरच ते पाण्याखालून थोडं अंतर कापणार. नाजूक यंत्रणा नाही, म्हणून विमानाला वेग कमी करायची फारशी गरज नाही. एफ-८/यू२ आणि यू३ हे १९० चे प्रकार त्यासाठीच. मला हा विचार यू१४ पेक्षा कितीतरी सरस वाटतो, कारण विमानाचा स्वभाव न मोडता हत्यार बदललं. पण तोवर इंधन आणि शिकलेले वैमानिक दोन्ही संपत आले होते.

दर्यावर्दी
उत्तर ध्रुवाचं सोडा, पल्ल्याचा मुद्दा तिथे खरा आहे. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यामधला एजियन समुद्र घ्या. १९४३ च्या शरद ऋतूत कॉस आणि लेरॉस बेटांभोवती अंतरं छोटी, ब्रिटिश युद्धनौकांना हवाई संरक्षण अपुरं. यू१४ साठी याहून चांगलं मैदान कुठलं?

चाफा
तिथे टॉर्पेडोवाचूनच काम झालं. ९ ऑक्टोबरला युंकर्स ८७ या जर्मन सूर मारून बॉम्ब टाकणाऱ्या विमानांनी साध्या बॉम्बने ‘पँथर’ विनाशिका बुडवली आणि ‘कार्लाइल’ क्रूझर कायमची निकामी केली.

दर्यावर्दी
आणि त्याच दिवशी अमेरिकन लाइटनिंग लढाऊ विमानांनी बरीच युंकर्स ८७ पाडली. १९० असती तर उलट भिडली असती.

चाफा
भिडली असती, मान्य. पण मग त्यांच्या पोटाखाली ५०० किलोचा बॉम्ब लावा. तो लावायला शेपटीचं चाक लांबवावं लागत नाही.