पहिल्या पिढीची एमएक्स-५: एसी मुळासकट काढू का?

पॉपअप_दिवे
नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९९१ची माझदा एमएक्स-५ आहे, १.६ लिटर इंजिनाची. घेतली तेव्हापासून एसी बंदच आहे आणि मी त्याकडे कधी लक्ष दिलं नाही. पण महिनाभरापासून कॉम्प्रेसरची पुली खरखरायला लागली आहे. बेल्ट उतरवून हाताने फिरवली तर आत वाळू शिरल्यासारखी लागते, आणि एका ठिकाणी चक्क अडते. या इंजिनात पॉवर स्टीअरिंगचा पंपही त्याच बेल्टवर आहे. पुली जाम झाली तर वळणावर स्टीअरिंग एकदम जड होणार, त्यामुळे आता हे टाळण्यात अर्थ नाही.

माझ्या मनात सगळंच काढायचं आहे. कॉम्प्रेसर, पुढचा कंडेन्सर (रेडिएटरसमोरची एसीची जाळी), ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारी डबी), पाइप, डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल, काहीच ठेवायचं नाही. छत बहुतेक वेळा उघडंच असतं. नाकावरचं वजन उतरेल, रेडिएटरला थेट हवा मिळेल आणि इंजिनाच्या त्या बाजूला निदान हात तरी जाईल. गाडी विकायची नाही. ती हलकी आणि साधी आहे म्हणून घेतली, आणि तशीच ठेवायची आहे.

आत गॅस शिल्लक असेल तर काय करायचं? फक्त स्टीअरिंगसाठी कोणता बेल्ट बसतो? आणि कॉइल काढायला पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

हातपाना
आधी गॅसचं बोलतो, कारण पाना तिथेच पहिल्यांदा लागतो. एसी थंड करत नाही म्हणजे गॅस संपला असं धरून चालू नका. गॅस कमी झाला की दाबाचा स्विच कॉम्प्रेसरला चालू होऊ देत नाही, तरी आत गॅस उरलेला असू शकतो. पाइपाचा नट सैल केलात तर तो द्रवरूपात हातावर येऊ शकतो. आर-१२, म्हणजे जुन्या गाड्यांच्या एसीतला गॅस, साधारण उणे ३० अंशांना उकळतो, कातडी जागच्या जागी गोठते. डोळ्यात गेला तर विचारूच नका.

तुमच्या सालच्या गाडीत कारखान्यातून आर-१२च भरलेला असणार. ओझोनचा थर विरळ करणाऱ्या ज्या वायूंसाठी १९८७चा माँट्रिऑल करार झाला, त्यातलाच हा एक. शिवाय तो एक किलो हवेत सोडला तर दहा टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्याइतकी उष्णता अडकते. बऱ्याच देशांत तो मुद्दाम सोडणं गुन्हा आहे. गॅस ओढून घेणारं मशीन ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडूनच रिकामा करून घ्या. जाण्यापूर्वी गॅस भरायच्या तोंडांवर अडॅप्टर बसवलेत का तेवढं बघा. असतील तर मधल्या काळात कुणीतरी आर-१३४ए, म्हणजे आर-१२च्या जागी आलेला गॅस, भरला असण्याची शक्यता आहे. दोन्ही गॅस एका टाकीत मिसळायचे नसतात, म्हणून मशीनवाल्याला आधी सांगा.

दोन_आसनी
मी हे काम आठ वर्षांपूर्वी याच इंजिनाच्या गाडीवर केलंय. पुन्हा करायची वेळ आली तर निम्मंच करीन. का ते सांगतो.

पुढचा भाग सोपा आहे. गाडी स्टँडवर घ्या, कॉम्प्रेसर खालून निघतो. तो जड आहे, शेवटचा बोल्ट सोडताना खालून आधार हवाच. कंडेन्सरच्या पत्र्या बोटं कापतात, हातमोजे घाला. कंडेन्सर निघाला की रेडिएटरचं तोंड बघा. माझ्याकडे दोघांच्या मधल्या फटीत पानं, किडे आणि माती यांची बोटभर जाड गादी झाली होती. इंजिन चढावर तापायचं त्याचं निम्मं कारण तिथे होतं.

बेल्टचा नंबर मी सांगत नाही, कारण कोणत्या गाडीवर कोणती पुली बदललेली असेल याचा भरवसा नसतो. स्टीअरिंग पंप त्याच्या सरकवायच्या खाचेत साधारण मध्यावर ठेवा, दोन्ही पुलींभोवती न ताणणारी दोरी गुंडाळा, मोजा, आणि त्या लांबीचा चार धारींचा बेल्ट आणा. मध्यावर ठेवला म्हणजे ताण द्यायला आणि पुढे बेल्ट सैलावल्यावर परत आवळायला जागा उरते.

आता कॉइल. डॅशबोर्ड उतरवावा लागत नाही, ग्लोव्ह बॉक्स काढला की तिची काळी प्लॅस्टिकची पेटी समोर दिसते. पण एका बाजूला पंखा, दुसऱ्या बाजूला हीटर आणि मध्ये ही पेटी, अशी ती रचना आहे. पंख्याची हवा या पेटीतूनच हीटरकडे जाते. मी पेटी उचलून बाहेर ठेवली, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकांना रबरी बुचं लावली आणि खूश झालो.

पहिल्याच पावसाळी रात्री छत लावून निघालो. दहा मिनिटांत पुढची काच आतून पांढरी झाली. पंखा पूर्ण वेगात, हीटर पूर्ण गरम, तरी काचेवर काही फरक नाही. गाडी कडेला घेऊन काचेखालच्या झरोक्यांवर हात धरला तर फुंकर घातल्याइतकीही हवा नव्हती. सगळी हवा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, शेजारच्या आसनाच्या पायाशी सुटत होती. उरलेला रस्ता एका हाताने काच पुसत कापला. समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याचा काचेवर गोळा व्हायचा आणि रस्त्याची कड नाहीशी व्हायची. फार घाबरलो होतो, आज लिहितानाही ते आठवतं.

एसी नसलेल्या गाड्यांना कारखान्यातून त्या जागी प्लॅस्टिकचा एक जोडमार्ग यायचा. तो मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर पेटी उघडून आतली कॉइल तेवढी काढा आणि रिकामी पेटी परत बसवा. पाइपांची भोकं मात्र नीट बुजवा.

हवा काचेवर पोचली तरी एक गोष्ट गेलीच. एसी हवेतला ओलावा काढतो, हीटर फक्त हवा गरम करतो. आता मी पावसात बाहेरची हवा आत घेणारा खटका कायम उघडा ठेवतो आणि खिडकी बोटभर खाली. काच साफ होते, पण वेळ घेते. तुम्ही रात्री पावसात चालवत असाल तर हा विचार आधी करा.

कंडेन्सरमागचा एसीचा पंखा फेकू नका. या गाडीत तो एसीबरोबरच फिरतो, म्हणून तसाच ठेवला तर नुसता बसून राहील. मी रिले (विजेवर चालणारा स्विच) लावून मुख्य पंख्याच्या जोडीला चालवतो. गर्दीत अडकल्यावर तापमानाचा काटा हलत नाही.

मूळरूप
माझं मत थोडं वेगळं. एसी बंद असताना कॉम्प्रेसरचा क्लच सुटलेला असतो, फक्त बाहेरची पुली बेल्टबरोबर फिरते. त्यामुळे ताकद वाढेल या आशेने कुणी हे करू नये. वजन तेवढं खरं, आणि ते नाकाच्या टोकाशी असल्याने वळताना जाणवतं. पण खरखर पुलीच्या बेअरिंगची असेल तर ते वेगळं बदलता येतं.

काढायचंच ठरलं तर प्रत्येक पाइपाचं आणि कॉम्प्रेसरचं तोंड त्याच क्षणी घट्ट बंद करा. उघडं राहिलं की ओल आत शिरते, मग ती वस्तू पुन्हा वापरण्यासारखी राहत नाही. ड्रायर तर तसाही नवाच लागेल. फायरवॉलमध्ये नवी भोकं पाडू नका आणि वायरी कापू नका. कॉम्प्रेसरचा आणि दाबाच्या स्विचचा कनेक्टर टेप गुंडाळून मूळ हार्नेसला (वायरींच्या जुडीला) बांधून ठेवा.

पॉपअप_दिवे
तिघांचेही मनापासून आभार. काम झालं. हातपाना, तुमचं ऐकलं ते बरं झालं. मला वाटत होतं आत काही नाही, मशीनने जवळजवळ ३०० ग्रॅम गॅस ओढला.

बेअरिंग बदलायचा विचार केला होता, पण कॉम्प्रेसरच्या शाफ्टच्या सीलमधूनही तेल झिरपलेलं दिसलं. म्हणून कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ड्रायर आणि पुढचे पाइप काढले. काट्यावर १४ किलो भरले. कॉइलची पेटी जागेवरच आहे, काचेचं वाचून तिला हात लावायची हिंमत झाली नाही. पाइपांची तोंडं बंद केलीत, सगळं चिठ्ठ्या लावून खोक्यात ठेवलंय.

दोरीच्या मापाने आणलेला बेल्ट पहिल्याच खेपेत बसला, शंभर किलोमीटरनंतर एकदा आवळावा लागला. खरखर गेली. काल पाऊस होता, मुद्दाम छत लावून रात्री चक्कर मारली. काच खालच्या कडेपासून वर साफ होत गेली, चार-पाच मिनिटं लागली. रिलेचं काम पुढच्या सुट्टीत. दोन_आसनी, मुख्य पंख्याची वायर तुम्ही कुठून घेतलीत, तापमानाच्या स्विचपाशी की रिलेच्या पेटीत?