विषाणू आटोक्यात आल्यावरही सीडी८ पेशींवरचा पीडी-१ का उतरत नाही?

प्रश्न (एमएस्सी, सूक्ष्मजीवशास्त्र, परळ, मुंबई)
नमस्कार. एचआयव्हीचे उपचार नियमित घेतल्यामुळे ज्यांच्या रक्तात विषाणू सापडत नाही, अशा व्यक्तींच्या नमुन्यांतही विषाणूला ओळखणाऱ्या सीडी८ पेशींवर (संसर्गित पेशी मारणाऱ्या टी पेशींवर) पीडी-१ हा, पेशीला आवर घालणारा रिसेप्टर चढाच दिसतो. उलट, प्रयोगशाळेत संसर्गित केलेल्या पेशींवरचा सीडी४ (एचआयव्ही ज्याला धरून पेशीत शिरतो ते प्रथिन) जवळजवळ नाहीसा होतो. विषाणू एक जनुक चालू करतो आणि दुसरे बंद करतो, असे म्हणता येईल का?

उत्तर १
या दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नयेत. सीडी४ च्या बाबतीत मुख्य घाव जनुकावर नसून प्रथिनावर असतो: विषाणूचे नेफ हे प्रथिन पृष्ठभागावरचा सीडी४ आत ओढून लायसोसोमकडे (पेशीतील प्रथिने मोडणाऱ्या पिशवीकडे) धाडते, तर व्हीपीयू हे विषाणूचेच दुसरे प्रथिन नव्याने तयार होणारा सीडी४ वाटेतच नष्ट करवते. म्हणूनच फ्लो सायटोमेट्रीत (पेशींवरची प्रथिने एकेका पेशीगणिक मोजण्याच्या तंत्रात) केवळ सीडी४ असलेल्या पेशी निवडल्या, तर नेमक्या संसर्गित पेशी हातच्या निसटतात. सीडी३ (सर्व टी पेशींवरचे प्रथिन) असलेल्या, पण सीडी८ नसलेल्या पेशी निवडाव्यात.

पीडी-१ चे मात्र जनुक नियमनच बदलते, आणि तेही स्वतः संसर्ग न झालेल्या पेशींत. प्रतिजन (टी पेशी ओळखतात तो विषाणूचा अंश) सतत समोर राहिल्याने टी पेशीच्या रिसेप्टरचा संदेश थांबत नाही, एनएफएटीसी१ हे नियामक प्रथिन त्या जनुकाला चालना देत राहते आणि त्याच्या प्रमोटरवरचे (जनुक सुरू करणाऱ्या डीएनएच्या भागावरचे) मिथिल गट, म्हणजे जनुक बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणा, निघून जातात. उंदरांत एलसीएमव्ही या विषाणूचा आर्मस्ट्राँग हा प्रकार लवकर आटोक्यात येतो आणि स्मृतिपेशींत ते गट पुन्हा बसतात. क्लोन १३ या त्याच्याच दुसऱ्या प्रकारामुळे संसर्ग रेंगाळतो, तेव्हा ते बसत नाहीत. हा फरक २०११ मध्ये दाखवला गेला. मला स्वतःला हा पुरावा फार मोलाचा वाटतो, कारण पेशीने काय सोसले याची नोंद तिच्या डीएनएवर उरते, हे त्यातून थेट दिसते.

उत्तर २
वरील उत्तराशी सहमत आहे. एचआयव्हीबाधितांतही, विषाणूचे प्रमाण औषधांनी दाबल्यावरसुद्धा, विषाणूविशिष्ट सीडी८ पेशींत हा प्रमोटर मिथिल गटांविना राहिल्याचे आढळले आहे. आपले निरीक्षण त्याच्याशी जुळते. मात्र पीडी-१ नुकत्याच उत्तेजित झालेल्या पेशींवरही चढतो, त्यामुळे तेवढ्यावरून पेशी थकल्या आहेत (दीर्घ संसर्गाने त्यांची कार्यक्षमता घटली आहे) असा निष्कर्ष काढू नये. सोबत टॉक्स आणि टिम-३ ही थकव्याशी निगडित प्रथिने तपासावीत, आणि इंटरफेरॉन गॅमा हे विषाणूविरोधी संदेशप्रथिन किती तयार होतो तेही पाहावे.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. मग मिथिलेशनची तपासणी सगळ्या सीडी८ पेशींवर एकत्रित केली तर चालेल का?

उत्तर १
नाही. विषाणूविशिष्ट पेशी त्यांत अगदी थोड्या असल्याने त्यांचा संकेत बाकीच्या गर्दीत बुडून जाईल. टेट्रामरने (ठरावीक प्रतिजन ओळखणाऱ्या पेशींनाच चिकटणाऱ्या अभिकर्मकाने) त्या आधी वेगळ्या कराव्यात आणि मगच बायसल्फाइट सिक्वेन्सिंगला (डीएनएवरचे मिथिल गट वाचण्याच्या तंत्राला) द्याव्यात.