निकाहनाम्यात अटी लिहिण्याची मागणी केली म्हणून मुलगी ‘फेमिनिस्ट’ ठरते का?

प्रश्न – दापोलीची_लेक

अस्सलामु अलैकुम. आमच्या गावातील लेकी-सुनांचा एक व्हॉट्सॲप गट आहे. मुंबई, पनवेल, कुवेत आणि दोहा येथे राहणाऱ्या बहिणीही त्यात आहेत. पूर्वी या गटात सोयरिकी, आजारपण आणि चंद्रदर्शन यांचीच चर्चा होत असे. आता रोज दोन प्रकारच्या चित्रफिती येतात. कुराणाचा अर्थ स्त्रियांच्या बाजूने पुन्हा वाचला पाहिजे असे काही अभ्यासिका सांगतात, तर फेमिनिझम हे मुस्लिम घर मोडण्याचे हत्यार आहे असे तितक्याच सुशिक्षित, नकाब घालणाऱ्या वक्त्या ठासून सांगतात. दोन्हीकडे बोलणाऱ्या मुस्लिम स्त्रियाच आहेत, आणि त्यांचा वाद आमच्या बहिणी आपापसांत जसाच्या तसा लढत आहेत.

मला हे विचारावे लागत आहे, कारण पावसाळा संपल्यावर माझ्या धाकट्या बहिणीचा निकाह आहे आणि मुलगा आखातात नोकरीला आहे. निकाहनाम्यात, म्हणजे लग्नाच्या करारपत्रात, तीन गोष्टी लिहून घ्याव्यात असे मी सुचवले: मेहेर (नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम) त्याच दिवशी मिळावी, बहिणीला बी.एड. पूर्ण करू द्यावे, आणि नवरा परदेशी असताना घरखर्चाची रक्कम थेट तिच्या खात्यात जमा व्हावी. आईला ते पटले. फुफू (आत्या) मात्र म्हणाली की हे रील्स पाहून आलेले खूळ आहे, आणि गटातील दोघींनी मला सर्वांसमोर ‘फेमिनिस्ट’ म्हटले. त्यांना उत्तर द्यायचे आहे, पण नाते तोडायचे नाही. या अटी खरोखरच बाहेरून आलेल्या आहेत का?

उत्तर – घरसंसार_म्हसळा

वालेकुम सलाम. मी स्वतःला फेमिनिस्ट म्हणवून घेत नाही आणि पुढेही घेणार नाही. त्यामागे माझी कारणे आहेत आणि ती एखाद्या मौलानांनी माझ्या तोंडी घातलेली नाहीत.

माझा नवरा सौदीत आहे. एका खोलीत अनेक जणांसोबत राहून तो पैसे पाठवतो आणि ते मी माझ्या विचाराने खर्च करते. मी शिवणकाम करून जे मिळवते त्यावर त्याचा कोणताही हक्क नाही, कारण बायकोची मिळकत शरीयतने तिचीच मानली आहे. इंग्लंडमधील विवाहित स्त्रियांना हा हक्क पुरेपूर मिळण्यासाठी 1882 चा कायदा व्हावा लागला. असे असताना नवऱ्याच्या प्रत्येक जबाबदारीला ‘सत्ता’ म्हणणारी चित्रफीत पाहिली की मला त्या माणसावर अन्याय झाल्यासारखे वाटते.

दुसरे कारण अधिक कडू आहे. एप्रिल 2013 मध्ये ‘फेमेन’ या युरोपीय संघटनेच्या स्त्रियांनी आम्हाला ‘मुक्त’ करण्याच्या नावाखाली मशिदींसमोर अर्धनग्न निदर्शने केली. तेव्हा अनेक देशांतील मुस्लिम स्त्रियांनी हातात फलक धरून आपली छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकली आणि आमच्या वतीने बोलू नका, असे बजावले. मी त्या स्त्रियांच्या बाजूची आहे.

परंतु तुमच्या फुफूचे म्हणणे मला मान्य नाही. मेहेर आनंदाने देण्याची आज्ञा कुराणातील सूरह निसाच्या चौथ्या आयतीत आहे. निकाहाच्या वेळी मान्य केलेल्या अटी पाळण्यावर हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) विशेष भर दिला आहे. जे अल्लाहने दिले ते मागणाऱ्या मुलीला आपणच ‘फेमिनिस्ट’ म्हणू लागलो, तर आपल्या दीनमधील हक्क आपण आपल्या हाताने दुसऱ्यांच्या नावावर लिहून देत आहोत.

उत्तर – वकील_रत्नागिरी

अटी बाहेरून आल्या का, या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. ब्रिटिश काळात नवरा बेपत्ता झाला किंवा खर्च देईना, तर हनफी मतानुसार (हनफी, शाफई, मालिकी आणि हंबली हे सुन्नी मुसलमानांचे चार मजहब, म्हणजे कायदापंथ) न्यायालयात बायकोची सुटका जवळजवळ अशक्य होती. अगतिक होऊन काही स्त्रिया धर्म सोडल्याचे जाहीर करून निकाहातून बाहेर पडू लागल्या. तेव्हा मौलाना अशरफ अली थानवी यांनी, स्वतः हनफी असूनही, मालिकी मजहबातील सवलती घेण्याचा मार्ग मांडला. त्यातूनच 1939 चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आला. नवऱ्याचा चार वर्षे ठावठिकाणा नसेल, त्याने दोन वर्षे खर्च दिला नसेल, किंवा योग्य कारणाशिवाय तीन वर्षे वैवाहिक कर्तव्ये पाळली नसतील, तर पत्नी या कायद्याने न्यायालयातून निकाह मोडून घेऊ शकते. आखातात माणसे असलेल्या आपल्या जिल्ह्यांत यातील दोन वर्षांचे कलम प्रत्येक मुलीला पाठ असले पाहिजे.

अटींच्या बाबतीत एक खबरदारी घ्यावी. आपण कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई आहोत, आणि समाजमाध्यमांवरील उर्दू वक्त्या बहुधा हनफी मताने बोलतात. सज्ञान मुलीने वलीशिवाय (वडील किंवा अन्य पालकाशिवाय) केलेला निकाह हनफी मतात वैध ठरू शकतो, शाफई मतात ठरत नाही. नवऱ्याने दुसरे लग्न करू नये ही अट हंबली मतात बंधनकारक आहे, शाफई मतात नाही. त्यामुळे चित्रफितीतील मसुदा उचलून काझीसाहेबांसमोर ठेवला, तर पहिल्याच बैठकीत तो फेटाळला जाईल आणि मुलीच्या बाजूची माणसे हिरमुसतील. तुमच्या तिन्ही मागण्यांना अशी अडचण नाही. त्यांतील दोन तर मेहेर आणि नफका (नवऱ्याने द्यायचा घरखर्च) या मूळ हक्कांनाच धरून आहेत. ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेही 2005 मध्ये आदर्श निकाहनामा प्रसिद्ध केला होता. बोर्डाला फेमिनिस्ट म्हणण्याचे धाडस फुफू करणार नाहीत.

या वादात कोणतीच बाजू ज्याबद्दल पुरेसे बोलत नाही, ते मला कामाच्या निमित्ताने वारंवार दिसते. वडील गेले की वारसनोंदीच्या वेळी बहिणी येतात, भाऊ चहा-नाश्ता देतात आणि बाग, घर, खाडीकाठची जमीन या सर्वांवरील हक्कसोडपत्र पुढे सरकवले जाते. अंगठा किंवा सही झाली की सातबाऱ्यावरून बहिणीचे नाव जाते. कुराणाने मुलाच्या निम्मा हिस्सा मुलीला ठरवून दिला आहे. तो निम्मा का, यावर गटात रात्र-रात्र वाद होतो, पण प्रत्यक्षात त्या निम्म्यातलाही गुंठाभर तिच्या हाती येत नाही. बुरख्याचा कैवार घेणारी आणि बुरख्याला विरोध करणारी, अशा दोघींनी एकाच बाकावर बसून ही सही केलेली मी पाहिली आहे.

उत्तर – मिरजोळी_परिसर

थोडक्यात एवढेच जोडतो की हा वाद मोबाइलबरोबर आलेला नाही. आमच्या चिपळूणजवळच्या मिरजोळीचे समाजसुधारक हमीद दलवाई यांनी 18 एप्रिल 1966 रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधान भवनावर नेला होता, आणि एकतर्फी तोंडी तलाक व बहुपत्नीत्व बंद करण्याची मागणी केली होती. 2018 मध्ये तिहेरी तलाक विधेयकाच्या विरोधात मालेगाव आणि मुंबईत हजारो बुरखाधारी स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. दोन्ही वेळी स्त्रियांना कोणीतरी पढवून आणले, असे विरोधकांनी म्हटले. ही सवय आपण आधी सोडावी.

उत्तर – शिक्षिका_श्रीवर्धन

मी स्वतःला मुस्लिम फेमिनिस्ट म्हणवते, म्हणून म्हसळ्याच्या आपांना आदरपूर्वक उत्तर देते. आपा, तुमच्या नवऱ्याने जबाबदारी पाळली, याचा मला आनंद आहे. ज्याने पाळली नाही त्याच्या बायकोने कोणाकडे जावे? ती जमातीकडे, म्हणजे गावच्या मुस्लिम पंचायतीकडे, जाते. तिथे बैठकीत सगळे पुरुष असतात आणि तिचे म्हणणे तिचा भाऊ मांडतो, अनेकदा तिला दाराआडही बसू न देता. हक्क किताबात आहे, याबद्दल तुमच्या-माझ्यात मतभेद नाही. तो वाचून त्याचा अर्थ ठरवणारे आणि तो बजावणारे सगळे पुरुषच असावेत का, हा माझा प्रश्न आहे. 2009 मध्ये क्वालालंपूर येथे सुरू झालेल्या ‘मुसावा’ चळवळीने कव्वामियतच्या, म्हणजे पुरुष हा कव्वाम (स्त्रीची जबाबदारी घेणारा) असण्याच्या, संकल्पनेचा अभ्यास हाती घेतला तो याच कारणासाठी. पुरुषाचे कव्वाम असणे ज्या आयतीत आहे, त्याच आयतीत त्याने आपली संपत्ती खर्च करण्याचा उल्लेख आहे. मग आपल्या गावांत लाइट बिलापासून सासूच्या दवाखान्यापर्यंत सारे बायकोच निभावत असेल, तर निर्णयाच्या वेळी तिला विचारले जाऊ नये, हे मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट सर्व बहिणींसाठी. जुलै 2021 मध्ये आणि पुन्हा 1 जानेवारी 2022 रोजी मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे इंटरनेटवर लावून त्यांचा खोटा ‘लिलाव’ करण्यात आला. त्यांत हिजाब घालणाऱ्या होत्या, न घालणाऱ्याही होत्या. लिलाव मांडणाऱ्यांनी कोण फेमिनिस्ट आणि कोण विरोधक, हे विचारले नव्हते. आपण एकमेकींच्या छायाचित्रांखाली जे अपशब्द लिहितो, ते वाचून कोणाला बळ मिळते, याचा विचार लिहिण्याआधी व्हावा.

उत्तर – घरसंसार_म्हसळा

शिक्षिका आपा, जमातीच्या बैठकीबद्दल तुम्ही लिहिले ते खरे आहे. बाईचे म्हणणे बाईनेच मांडावे, ही मागणी माझीही आहे. तरीही मी ती अल्लाहच्या आणि रसूलच्या नावाने करीन, फेमिनिझमच्या नावाने नाही. आणि आयतीचा अर्थ नव्याने लावण्याचा अधिकार मी इल्म (धर्मज्ञान) नसलेल्या कोणालाही देणार नाही, मग तो पुरुष असो वा स्त्री. या मुद्द्यावर आपले जुळणार नाही.

प्रश्नकर्ती – दापोलीची_लेक

सर्वांचे आभार. म्हसळ्याच्या आपांचे पहिले उत्तर मी फुफूला वाचून दाखवले. मेहेरबद्दलचा तिचा विरोध मावळला आहे, बी.एड.बद्दलचा नाही. वकील साहेब, खात्यात रक्कम जमा करण्याची अट नेमकी कशी लिहावी?

उत्तर – वकील_रत्नागिरी

मोघम ‘योग्य खर्च देईन’ असे लिहू नका. दरमहा किती रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत आणि पत्नीच्या एकटीच्या नावावरील खात्यात, हे तिन्ही तपशील असू द्या; संयुक्त खाते नको. शिक्षणाच्या अटीत अभ्यासक्रमाचे नाव लिहा आणि फी कोण भरणार तेही लिहा, म्हणजे फुफूंचा खरा आक्षेप शिक्षणाला आहे की खर्चाला, तेही स्पष्ट होईल. कागदावर मुलगा, वली, काझी आणि साक्षीदारांच्या सह्या घ्या, आणि तुमच्या बहिणीने तो स्वतः वाचूनच सही करावी. एक प्रत तिच्याजवळ राहू द्या, आणि विवाह नोंदणी ग्रामपंचायतीत मुलगा परत जाण्याआधी उरका. तो विमानात बसल्यावर त्याची सही मिळवणे फार जिकिरीचे होते.