लक्ष्मी रस्त्यासाठी दुकानदारांनी स्वतःहून जादा पट्टी भरावी का?

दुसरी_पिढी
कुंटे चौकाजवळ आमचं कापडाचं दुकान आहे, वडिलांनी थाटलेलं. ११ डिसेंबरला पादचारी दिनी रस्ता गाड्यांना बंद असतो, तेव्हा लोक रमतगमत येतात. १२ तारखेला पुन्हा डबल पार्किंग आणि उखडलेल्या फरशा.

टोरांटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेजची गोष्ट वाचली. रस्त्यावरची ट्राम गेली, १९६८ला खालून भुयारी रेल्वे आली, वरची वर्दळ आटली. शिवाय मॉल. १९७०मध्ये तिथल्या व्यापाऱ्यांनी स्वतःवरच जादा पट्टी बसवून घेतली. वसुली पालिकेची, खर्च त्यांच्या मंडळाचा: दिवे, बाकं, झाडं, सण. आपल्याकडेही मंडईखाली २०२४मध्ये मेट्रो आली. मग आपणच का थांबायचं?

सफाईकर_भरणारा
मिळकतकराच्या बिलात सफाई कर वेगळा लावलेला असतो, तो कशाचा? उद्या तुम्ही झाडायला माणसं ठेवलीत की पालिका आपली माणसं दुसरीकडे हलवणार. वर्गणी तुमची, फुकट्या पालिका.

दुसरी_पिढी
इंग्लंडमध्ये म्हणूनच पालिका नेहमीच्या कामांत काय देणार ते आधी कागदावर घेतात. पट्टीतून होईल ते त्यावर.

पागडीवाला
कागद राहू द्या, देणार कोण ते सांगा. माझ्या दुकानाला आजोबांच्या काळची पागडी, भाडं इतकं की मालकाला ते न्यायला यायची रिक्षा परवडत नाही. मालकावर पट्टी लावलीत तर तो कशाला भरेल? रस्ता सुधारला तर धंदा माझा वाढणार, त्याचा नाही. आणि माझ्यावर लावलीत तर मत मला की त्याला?

दुसरी_पिढी
खरी गाठ इथेच आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मालक भरतो. इंग्लंडात जागा वापरणारा भरतो आणि मतही त्याचंच. तिथे दोन कसोट्या लागतात: मतं देणाऱ्यांत बहुमत हवं आणि त्यांच्या जागांच्या करयोग्य मूल्यातही, म्हणजे जागेचं मूल्य जास्त तर मताचं वजनही जास्त. पाच वर्षांनी पुन्हा मतदान. आपल्याला हीच पद्धत बरी.

वरच्या_मजल्यावरची
म्हणजे मोठ्या शोरूमचं पारडं जड. आम्ही वाड्यात वर राहतो, आम्हाला मत नाहीच! तुमचे दिवे रात्रभर आमच्या खिडकीत, सेलचा स्पीकरही आमच्याच कानात. दुकानदारांचा रस्ता असं म्हणता, पण कुलपं लावून तुम्ही कोथरूडला जाता. गणपतीत रात्रभर इथे कोण असतं?

दुसरी_पिढी
कोथरूडचं बरोबर आहे. रहिवाशांना मंडळात जागा हवी, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तुळशीबागेतला
माझा स्टॉल आहे, परवाना आहे. मंडळ झालं की पहिल्या महिन्यात खासगी गार्ड येतील आणि ‘सुशोभीकरणा’त पहिला आमचा माल उचलला जाईल. २०१४च्या फेरीवाला कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के आम्ही असतो. तुमच्या मंडळात किती?

दुसरी_पिढी
मंडळात यायचं तर पट्टीही द्यावी लागेल.

तुळशीबागेतला
देतो की. आजही काय फुकट बसतो? फक्त पावती माझ्या नावाची हवी आणि तिच्यावर जागेचा नंबर.

दुसरी_पिढी
पावतीचं मान्य. नंबराचं समोरासमोर बोलू, दुकानी या.